समाधानाचे तिसरे रीडिंग

‘पदार्थविज्ञानाचे आमचे सर विद्वान खरे, परंतु विक्षिप्त. विद्यार्थी त्यांच्यावर कधीच समाधानी नव्हते. मूल्यांकन समिती यायच्या सुमारास व्यवस्थापनावरच्या वैयक्तिक रागातून त्यांनी विद्यार्थ्यांना समाधान-सर्वेक्षणात कमी गुण द्यायला लावले. तशी त्यांच्या हस्ताक्षरातील कबुली महाविद्यालयाच्या दप्तरी आहे. त्यामुळे महाविद्यालयाची श्रेणी घसरली आणि पुढे व्यथित मनाने त्यांनी राजीनामा दिला.’

हा मजकूर आमच्या महाविद्यालयाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत ‘आठवणीतले गुरुजन’ या सदराखाली छापला आहे. इतर गुरुजनांच्या शेजारी त्यांची छायाचित्रे आहेत. यांच्या शेजारी एका पतसंस्थेची जाहिरात आहे. मजकुराखाली संपादकांची सही आहे. संपादक आज उपप्राचार्य आहेत, आणि ज्या सर्वेक्षणाविषयी ते लिहितात त्याचे त्या वेळचे समन्वयकही तेच होते. म्हणजे त्यांना माहिती नव्हती असे म्हणण्याची सोय नाही.

मी त्याच महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवले, शेवटची काही वर्षे विभागप्रमुख होतो, आणि पदार्थविज्ञानाची प्रयोगशाळा माझ्या प्रयोगशाळेच्या भिंतीला लागून होती. मधल्या दारातून त्यांचा आवाज आणि माझ्याकडचा अमोनियाचा वास यांची तीस वर्षे देवाणघेवाण झाली. त्या अधिकाराने सांगतो, वरच्या मजकुरातला एकच शब्द मला मान्य आहे: विक्षिप्त.

तो मात्र पुरता मान्य आहे. इतका वैताग मला दुसऱ्या कोणत्याही सहकाऱ्याने दिलेला नाही.

हा माणूस प्रत्येक गोष्ट तीनदा मोजत असे. प्रयोगशाळेत ठीक; तिथे तीन रीडिंग घेऊन त्यांची सरासरी काढणे हा शिरस्ताच आहे. यांचा शिरस्ता फाटकाबाहेरही चाले. ‘एकदा मोजलेलं म्हणजे ऐकीव,’ हे त्यांचे वाक्य. मंडईत अर्धा किलो दोडका घेतला तरी तो पारड्यातून काढून पुन्हा दोनदा ठेवायला लावीत. त्यांच्या नेहमीच्या भाजीवाल्या मावशी एकदा माझ्यादेखत म्हणाल्या, ‘‘मास्तर, तीनदा जोकल्यावर दोडका वाढतोय व्हय? वाढत आसंल तर मलाबी शिकवा की!’’ यांनी गंभीरपणे उत्तर दिले, ‘‘दोडका वाढत नाही, मावशी. तुमच्यावरचा विश्वास वाढतो.’’ मावशींनी शेवटी त्यांच्यासाठी वेगळा, जरा उशिराचा वेळ ठरवून दिला, गिऱ्हाइकांची रांग संपल्यानंतरचा.

एका चादरीच्या दुकानातून तर आम्हांला जवळजवळ हाकलले होते. माझ्या मुलीच्या लग्नात द्यायच्या चादरी घ्यायला मी गेलो आणि अवदसा आठवली म्हणून यांना बरोबर नेले. लेबलावर लांबी छापलेली होती. यांनी खिशातून पोलादी पट्टी काढली. पहिली चादर तीनदा मोजली, दुसरी तीनदा मोजली. तिसरीला हात घातला तेव्हा गल्ल्यावरचे मालक, जन्मभर मागावर बसलेले पद्मशाली गृहस्थ, घरात तेलुगू बोलणारे पण भांडायला मराठी वापरणारे, उठून उभे राहिले. ‘‘सर, ही चादर हाय. शेतजमीन न्हाय. मोजणी आणायची तर सरकारी अर्ज करा.’’ माझी मान खाली गेली. हे म्हणाले, ‘‘दोन्ही चादरी लेबलापेक्षा अर्ध्या इंचानं मोठ्या आहेत. तुमचं नुकसान होतंय.’’ मालकांनी त्यांना चहा पाजला. माझ्यासाठी मागवला नाही.

त्यांच्याविषयीच्या दंतकथांना तर सुमार नव्हता, आणि त्यांपैकी बहुतेक चुकीच्या आहेत हे मला प्रत्येक कार्यक्रमात सांगत बसावे लागते. उदाहरणार्थ, त्यांनी लग्नाआधी मुलगी तीनदा पाहिली, असे अजून सांगतात. खोटे आहे. त्यांच्या पत्नीनेच मला शुक्रवार पेठेतल्या त्यांच्या घरी, यांच्यासमोर सांगितले, ‘‘दोनदाच आले होते, भाऊजी. तिसऱ्यांदा आमचे वडील यांना बघायला गेले. खात्री करून घ्यायची गरज आम्हांलाही होतीच ना!’’ ते विसराळू होते, म्हणून तीन जणांना वेळ विचारीत, हीदेखील अशीच एक थाप. विसराळू माणसाला तिन्ही उत्तरे लक्षात ठेवून त्यांची सरासरी काढता येत नाही.

विद्यार्थ्यांनी त्यांना ‘तीनदा सर’ हे नाव दिले होते आणि ते त्यांना माहीत होते. त्यांचे प्रात्यक्षिक म्हणजे तरुण रक्ताची परीक्षा. आमच्याकडे, आणि आमच्याकडेच कशाला, सगळीकडेच, मुले मागच्या वर्षीच्या जर्नलवरून रीडिंग उतरवून घेतात. उत्तर आधी ठरते, मोजमाप नंतर होते. हे गृहस्थ दर वर्षी दिवाळीच्या सुटीत एकटे प्रयोगशाळेत बसून लंबकाच्या गोळ्याचा थोडा थर घासून काढीत, अज्ञात रोधाच्या डबीतली तार बदलीत, स्प्रिंगची दोन वेटोळी कापीत. मागच्या वर्षीची जर्नले एका रात्रीत निकामी होत. मुले चरफडत. ‘‘सर, आमचं बरोबर हाय की, सीनिअरच्या जर्नलमधी हेच आलंय,’’ असे एकाने रडवेल्या आवाजात म्हटलेले मी मधल्या दारातून ऐकले आहे. सर म्हणाले, ‘‘सीनिअरचा लंबक आता पास होऊन गेला. हा नवीन आहे. याची ओळख करून घे.’’

खोलीचे तापमान लिहिल्याशिवाय ते कोणतेही रीडिंग मान्य करीत नसत. ‘‘सोलापूर आहे हे. मे महिन्यात इथं पट्टीसुद्धा लांब होते,’’ असे बजावीत. आणि सर्वांत शेवटी, प्रत्येक प्रयोगाखाली, ‘त्रुटीची कारणे’ हा मथळा. तो कोरा ठेवला की जर्नल परत. ‘कोणतीही त्रुटी नाही’ असे लिहिले की जर्नल परत आणि वर लाल शाईत शेरा: ‘मग प्रयोग झाला नाही.’

आता सर्वेक्षणाकडे येतो.

मूल्यांकन समिती येणार होती. समितीच्या फायलीत विद्यार्थ्यांचे समाधान किती, हे आकड्यांत दाखवावे लागे. त्यासाठी फॉर्म आले: शिक्षक वेळेवर येतात का, समजेल असे शिकवतात का, उपकरणे पुरेशी आहेत का; प्रत्येकापुढे एक ते पाच आकडे, पाच म्हणजे पूर्ण समाधानी. विद्यार्थ्याने नाव लिहायचे नव्हते. समन्वयकांनी, म्हणजे आजच्या संपादकांनी, सर्व विभागप्रमुखांना बोलावून सांगितले, ‘‘एका तासात उरका. मुलांना जरा समजावून सांगा म्हणजे झालं.’’

माझ्या विभागात फॉर्म कसे भरले गेले ते लपवीत नाही, कारण लपवले तर मी संपादकांच्याच पंगतीला बसेन. वर्गप्रतिनिधी आणि त्याचा मित्र, दोघांनी एका बाकावर बसून एकाच पेनाने सगळा गठ्ठा भरला. पाचपैकी पाच. मी गठ्ठा पाहिला, पाहून न पाहिल्यासारखे केले आणि वर सही केली. रसायनशास्त्र विभागाचे विद्यार्थी पूर्ण समाधानी असल्याचे कागदोपत्री सिद्ध झाले. इतर विभागांतही याहून निराळे काही घडले नाही. हे मी जाणतो, आणि नाकारणाऱ्याने माझ्यासमोर येऊन नाकारावे.

पदार्थविज्ञानात मात्र हा माणूस होता. फॉर्म हाती येताच त्याने विचारले, ‘‘समाधान मोजायचंय ना? मग तीन रीडिंग लागतील.’’

मी डोक्याला हात लावला. ‘‘अहो, हा फॉर्म आहे. भरायचा आणि द्यायचा. मोजायची व्हर्निअर पट्टी नव्हे.’’

‘‘व्हर्निअरला निदान शून्यत्रुटी तरी कळते. याला तीही कळत नाही. म्हणून तर तीनदा हवं.’’

त्यांनी फॉर्मच्या प्रती काढल्या. खाली हाताने एक रकाना वाढवला, ‘त्रुटीची कारणे’. आणि वर, डाव्या कोपऱ्यात, मुलांना रोल नंबर घालायला सांगितले. कारण त्यांच्या प्रयोगशाळेत रोल नंबरशिवाय एक कागद कधी स्वीकारला गेला नव्हता. तिन्ही रीडिंग एकाच मुलाची आहेत हे कळायला नको का, हा त्यांचा प्रश्न. नाव लिहायचे नाही, एवढे फॉर्मवर छापले होते. नाव कुणी लिहिले नाही. हे त्यांना पुरेसे वाटले. तीस वर्षे जर्नले तपासणाऱ्या माणसाच्या हातून होणारी ही चूक होती, आणि ती चूक होती हे मी पहिल्याने सांगतो, म्हणजे इतरांना ते माझ्याविरुद्ध सांगता येणार नाही.

पहिली खेप गणपतीच्या आधी झाली. सर टेबलापाशी उभे होते. सर्वांनी सर्वत्र पाच दिले. सरांनी गठ्ठा घरी नेला आणि उत्तरपत्रिकांसारखा तपासून परत वाटला. प्रत्येक फॉर्मवर लाल शाई: ‘सर्व पाच? उपकरण तपासा.’ दुसरी खेप पंधरा दिवसांनी झाली. या वेळी सर खिडकीकडे तोंड करून, वर्गाकडे पाठ फिरवून बसले. पाचांमध्ये थोडे चार मिसळले. त्रुटीच्या रकान्यात एकाने ‘पंखा आवाज करतो’ एवढे लिहिण्याचे धैर्य दाखवले.

त्यानंतर सरांनी एका शनिवारी त्या मुलांना विद्यापीठाच्या आवारातली प्रयोगशाळा दाखवायला नेले. मी विचारले, सर्वेक्षणाच्या मध्येच ही सहल कशाला? त्यांचे उत्तर मला तेव्हा पटले नाही. आता रोज पटते. म्हणाले, ‘‘ज्यानं चांगली प्रयोगशाळा पाहिलीच नाही तो आपल्या प्रयोगशाळेत समाधानीच असणार. त्याचं समाधान मोजून आपण त्याचं अज्ञान मोजतो. आधी त्याला दाखवू, मग विचारू.’’ तिथे प्रत्येक मुलाच्या हातात स्वतंत्र उपकरण होते. आमच्याकडे आठ जणांत एक. परतीच्या बसमध्ये मुले बोटांवर आमची उपकरणे मोजीत होती, असे लॅब अटेंडंटने मला सांगितले; तो बरोबर गेला होता.

आणि तिसऱ्या खेपेला मुलांनी लिहिले.

दोन लिहिले, एक लिहिले, क्वचित तीन. त्रुटीच्या रकान्यात जागा पुरली नाही म्हणून पाठीमागे लिहिले. थिअरीचा भाग सुरू होण्याआधीच त्याचे प्रात्यक्षिक उरकून टाकतात. आठवड्याचे चार तास वेळापत्रकात आहेत, वर्गात दोनच होतात. ग्रंथालयात पुस्तक आहे, कपाटाला कुलूप आहे, किल्ली ज्यांच्याकडे आहे ते रजेवर आहेत. एका मुलीने लिहिले होते: ‘माझे वडील श्रीपूरला साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत आहेत. तिथे उसाचा रस तपासायचा काटा ठरल्या दिवशी तपासतात आणि वहीत सही करतात. आपल्या प्रयोगशाळेतला काटा शेवटचा कधी तपासला?’ सरांविषयीही कोणी हात राखला नव्हता. ‘सर एकच प्रयोग तीनदा करायला लावतात, त्यामुळे बारापैकी सहाच प्रयोग होतात. उरलेले सहा परीक्षेत आले तर?’ सरांनी शिकवण्यापुढच्या स्वतःच्या आकड्यांची सरासरी काढली. ती पाचपैकी दोनच्या जवळपास होती.

तो कागद घेऊन ते माझ्याकडे आले तेव्हा त्यांचा चेहरा मुलगा पहिला आल्यासारखा होता. ‘‘बघा! पोरं मोजायला शिकली!’’

‘‘अहो, तुम्हांला दोन दिलेत त्यांनी.’’

‘‘बरोबर दिलेत. सहा प्रयोगांची तक्रार खरी आहे.’’

दुसऱ्या दिवसापासून ते सकाळी आठ वाजता प्रयोगशाळा उघडू लागले. तीनदा मोजणे सोडले नाही. उरलेल्या सहा प्रयोगांसाठी स्वतःची झोप कमी केली. मी वैतागून म्हटले, ‘‘दोनदा मोजलंत तर नाही का भागणार?’’ माझ्याकडे त्यांनी असे पाहिले की जणू मी त्यांना दोडका न जोखता घ्यायला सांगत होतो.

तिन्ही खेपांचा गठ्ठा नियमाप्रमाणे प्राचार्यांकडे गेला. तिथून खरी कथा सुरू होते, आणि स्मरणिकेत तीच उलटी करून छापली आहे.

प्राचार्यांनी आम्हांला केबिनमध्ये बोलावले. आत चौघे होतो: प्राचार्य, समन्वयक, सर, आणि महाविद्यालयाच्या अंतर्गत समितीचा सदस्य म्हणून मी. टेबलावर फॉर्म पसरलेले होते. प्राचार्य शांतपणे बोलत होते. ते रागावले की शांतपणे बोलत.

‘‘सर, सगळं महाविद्यालय पाचावर आहे. तुमचा एकट्याचा विभाग दोनावर. समितीला मी काय सांगू?’’

‘‘जे लिहिलंय ते.’’

‘‘पहिल्या खेपेला याच मुलांनी पाच दिले होते. मग दीड महिन्यात काय झालं? कुणीतरी भरवलं असणार ना त्यांना?’’ आणि समन्वयकांकडे वळून, ‘‘रोल नंबर आहेतच वर. एकेकाला बोलवा. इंटर्नलचे गुण अजून गेलेले नाहीत. विचारा, कुणी सांगितलं लिहायला. म्हणजे कळेल.’’

समन्वयकांनी बोट फॉर्मवर ठेवून पहिला रोल नंबर वाचला. तो त्या श्रीपूरच्या मुलीचा होता.

सरांचा चेहरा मी तीस वर्षे पाहत होतो. त्या क्षणी तो जसा झाला तसा मी त्यापूर्वी पाहिला नव्हता, आणि नंतरही नाही. त्यांनी खाली वाकून फॉर्मचा डावा कोपरा पाहिला. मग दुसऱ्या फॉर्मचा. मग तिसऱ्याचा. तिन्ही ठिकाणी अक्षर मुलांचे होते, पण सूचना त्यांची होती.

त्याआधी दोन दिवस ती मुलगी आमच्या व्हरांड्यात मला भेटली होती. कुणीतरी तिच्या कानावर घातले होते की फॉर्म वर गेलेत. ‘‘सर, आमी खरंच लिवलं की. काटा खरंच बिघडलेला हाय. पण आता लोकं म्हणतेत इंटर्नल जाणार. एम.एस्सी.ला एकेक मार्क लागतोय. वडलांनी एवढ्यासाठीच होस्टेलला ठिवलंय मला.’’ मी तिला म्हटले होते, काही होणार नाही. मी असे म्हणू नये, इतकी अक्कल मला तेव्हा असायला हवी होती.

केबिनमध्ये सर म्हणाले, ‘‘मुलांना बोलावू नका. मला एक कोरा कागद द्या.’’

त्यांनी उभ्या उभ्याच लिहिले. तो कागद आज दप्तरी आहे आणि संपादक ज्याला कबुली म्हणतात तो हाच. त्यातला मजकूर मी लिहिताना शेजारून वाचला आणि नंतर अंतर्गत समितीचा सदस्य म्हणून त्याच्या प्रतीवर माझी सहीही घेतली गेली, त्यामुळे शब्द माझ्या स्मरणात आहेत: ‘दसऱ्यानंतरच्या पहिल्या सोमवारी तिसऱ्या खेपेचे फॉर्म भरले जात असताना मी स्वतः प्रयोगशाळेत उभा राहून विद्यार्थ्यांना कमी गुण देण्यास व तक्रारी लिहिण्यास सांगितले. विद्यार्थ्यांनी माझी आज्ञा पाळली. त्यांचा यात काही दोष नाही. हे फॉर्म रद्द समजावेत.’

पहिले वाक्य वाचताच मी तोंड उघडले. टेबलाखाली त्यांचा बूट माझ्या चपलेवर आला आणि तिथेच राहिला. मी रसायनशास्त्राचा माणूस. दाब किती झाला की काय होते हे मला कळते. मी गप्प बसलो.

जिन्यावर मात्र बसलो नाही. ‘‘अहो, हे काय केलंत तुम्ही? आयुष्यभर लंबकाशी खोटं बोलला नाहीत आणि या माणसांसाठी...’’

‘‘रोल नंबर मी लिहायला लावले,’’ ते म्हणाले. ‘‘पोरांनी नव्हे. पोरांनी रीडिंग दिलं. कागदावर त्यांचा माग मी ठेवला. मग निस्तरायचं कुणी?’’

‘‘मी आत जाऊन खरं सांगतो.’’

‘‘सांगाल, आणि ते मुलीला बोलावतील. तुम्ही गप्प राहायचं. ही मुलं पास होऊन बाहेर पडेपर्यंत. शब्द द्या.’’

‘‘आणि त्यानंतर?’’

‘‘त्यानंतरही, मी असेपर्यंत.’’

शब्द दिला. असले शब्द मागणाऱ्या माणसाचा राग येतो. माझा अजून गेलेला नाही.

पुढचे सारे तपासून पाहता येण्यासारखे आहे. ते फॉर्म समितीपुढे गेलेच नाहीत. चारच दिवसांत पदार्थविज्ञानाचा नवा गठ्ठा तयार झाला, रोल नंबरविना, सर्वत्र पाच. मग त्या दोनांमुळे श्रेणी घसरली कशी? समितीने जे पाहिलेच नाही त्यामुळे श्रेणी घसरत असेल तर संपादकांनी तो चमत्कार पदार्थविज्ञानाच्या पुस्तकात घालावा. राजीनाम्याचीही तीच गत. सर नियत वयोमानाप्रमाणे निवृत्त झाले. मधले दीड वर्ष त्यांच्याकडून प्रयोगशाळा काढून घेतली होती आणि त्यांना परीक्षेच्या बैठकव्यवस्थेचे काम दिले होते. ते बाकांमधली अंतरे तीनदा मोजीत. शिपाई कंटाळून गेले. निवृत्तीच्या दिवशी निरोपसमारंभ झाला नाही. आम्ही चौघे जण त्यांच्या घरी गेलो, तेव्हा ते आम्हांला चहा द्यायचा सोडून घरच्या थर्मामीटरमधली चूक दाखवीत बसले.

राहता राहिला विद्यार्थ्यांचा असंतोष. तो खरा होता, मी वर त्याचे आकडे दिले आहेत. पण तो असंतोष सरांनी विद्यापीठात नेण्याआधी मुलांमध्ये नव्हता, इतर विभागांत कधी आला नाही, माझ्या विभागात तर नाहीच. माझी मुले शेवटपर्यंत समाधानी राहिली. त्यांना काय मिळायला हवे होते हे मी त्यांना दाखवलेच नव्हते. या वाक्यावर कुणी माझी दया करू नये. मी ते तक्रार म्हणून लिहितो आहे, आणि तक्रार माझ्याविरुद्ध आहे.

ती सगळी मुले पास झाली. इंटर्नल कुणाचेही गेले नाही. श्रीपूरच्या मुलीने एम.एस्सी. केले, आता ती एका मोठ्या कारखान्यात मोजमापाची उपकरणे तपासून त्यांवर शिक्का मारण्याचे काम करते. सर मागच्या वर्षी गेले. स्मरणिका तिच्या हाती पडली तेव्हा तिने मला फोन केला. भाषा आता शहरी झाली आहे, पण रागावली की मूळ निघते. ‘‘सर, हे तुमी असंच सोडणार हाय का? मी माझ्या नावानं, रोल नंबरासकट लिहून देते. आता कुणी माझं काय करतंय? पण तुमी तिथं होता. तुमीच लिवा.’’ मी म्हटले, मी शब्द दिला होता. ती म्हणाली, ‘‘सर असेपर्यंतचा व्हता ना तो?’’

शब्दाची मुदत संपली आहे. संपादकांना मी दोन पत्रे लिहिली. पहिल्याचे उत्तर आले नाही. दुसऱ्याचे आले: ‘आपल्या भावनांचा आदर आहे, तथापि लेखी कबुली उपलब्ध असताना मजकुरात बदल करणे संपादक मंडळास शक्य नाही.’ पदार्थविज्ञानाच्या नव्या प्रयोगशाळेला त्यांचे नाव देण्याचा जुन्या विद्यार्थ्यांचा अर्जही याच कबुलीचा हवाला देऊन फेटाळला आहे. म्हणजे एका कागदावर सगळे उभे आहे. भावना बाजूला ठेवू. माझा आदर नको. तो कागदच घेऊ, आणि त्यातले पहिलेच वाक्य घेऊ.

दसऱ्यानंतरच्या त्या पहिल्या सोमवारी पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेत फॉर्म लॅब अटेंडंटने वाटले आणि त्यानेच गोळा केले. कारण त्या दिवशी सकाळी सहाच्या एसटीने सर आणि मी प्रात्यक्षिक परीक्षेचे एक्स्टर्नल म्हणून अकलूजला गेलो होतो, संध्याकाळी पाचपर्यंत तिथल्या हजेरीपत्रकावर आम्हा दोघांच्या सह्या आहेत, आणि त्या दिवसाची आमची ड्यूटी लीव्ह प्राचार्यांच्या वतीने मंजूर करणारी सही या स्मरणिकेच्या संपादकांची आहे.